शेवंताआत्याचा मासोळ्यांचा हौद

सकाळी घाटंजीहून विलासचा, माझ्या आतेभावाचा, फोन आला. "ताई, माय गेली वो... चहा मांडला होता तिनं. गाळला बी नाही." यवतमाळहून बस पकडून पोहोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मागच्या परसात मात्र हौदाच्या काठावर एक पिवळी मांजर खुशाल पाय पसरून बसली होती. शेवंताआत्या असती तर ती तिथं टेकलीसुद्धा नसती.

आत्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसातला पालापाचोळा वेचायला जायची. तिथं आगीसाठी भरून ठेवलेलं पाण्याचं मोठं टाकं होतं आणि त्यात कुणीतरी कधीकाळी सोडलेल्या मासोळ्या. दुपारच्या सुट्टीत आत्या त्यांना भाकरीचा चुरा टाकायची. मग कापसाचे वाईट दिवस आले. बोंडअळी, पडलेला भाव, पावसाची दडी... कापसाच्या गाड्या रोडावल्या आणि एका हंगामात जिनिंगचं फाटक उघडलंच नाही. टाकं आटत चाललंय हे कळल्यावर आत्या डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन गेली आणि खेपा करून मासोळ्या घरच्या हौदात आणून सोडल्या. तिच्या नवऱ्यानं, आमच्या मामाजींनी, कपाळाला हात लावला. "काम गेलं, अन् हे कायले आणलं?"

"मंग काय तिथंच मरू देऊ?"

मागोमाग जिनिंगच्या मांजरीही वस्तीत आल्या. सरकीच्या ढिगातल्या उंदरांवर जगणाऱ्या त्या. ढीग गेले, उंदीर गेले. "आमच्यासंगंच सुटल्या त्याही कामावरून," आत्या म्हणायची. म्हणून काही मासोळ्या त्यांच्या हवाली करणार नव्हती. तिनं हौदाभोवती बोरीच्या काट्या लावल्या, तर मांजरी भिंतीवरून उतरल्या. जुनं जाळं पसरलं, तर एक मांजर त्यातच गुरफटली आणि तिला सोडवताना आत्याचे हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले. शेवटी तिनं पाणी काठापासून हातभर खाली ठेवलं आणि तळाशी छपरावरचे फुटके कवेलू रचले. पंजा दिसला की मासोळ्या कवेलूखाली. शिवाय संध्याकाळी ती स्वतः काठी घेऊन राखणीला बसायची.

मी कॉलेजच्या सुट्टीत तिच्याकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. शेजारचे नामदेवभाऊ, कापूस पेरणारा भला माणूस, हातात फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन आले. "बाई, एका मासोईले हे लावा अन् भिंतीवर ठेवा. उद्या एक मांजर दिसणार नाही."

आत्या बाटलीकडे पाहत राहिली. त्या वर्षांत आमच्याकडे गावोगावी ते औषध पिऊन माणसं गेली होती. कुणाच्या घरून रडणं ऐकू आलं की लोक आधी तेच विचारायचे.

"नामदेवभाऊ, हे घरी कुठं ठेवता तुमी?"

"आढ्याले टांगून."

"कोणाकोणाले माहीत हाय?"

त्यांनी वळून आपल्या घराकडे पाहिलं. आत्यानं बाटली त्यांच्या हातातून घेतली. "आता हे इथंच राहू द्या. फवारणीले लागलं की घेऊन जा." तिनं ती लोखंडी पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. नंतर गल्लीतल्या बायाच आपापल्या घरच्या बाटल्या तिच्याकडे आणून देऊ लागल्या. न्यायला आलेल्या माणसाला आत्या आधी विचारायची, "जेवला का?" मगच पेटी उघडायची. मांजरी मात्र येतच राहिल्या आणि अधूनमधून एखादी मासोळी नेतच राहिल्या.

आत्याच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा, कार्यक्रम आटोपल्यावर नामदेवभाऊ माझ्याजवळ येऊन बसले. आता थकलेत. म्हणाले, "एक डाव मी बाटली मांगाले आलतो. तवा फवारणी नोती... कापूस वेचून झालता. तुयी आत्या मले पाहतच राहिली. मंग म्हणे, किल्ली सापडून नाही राहिली, बसा. सापडे तवरिक मांजरीवर ध्यान ठेवा. मायाजवळ काठी देल्ली अन् घरात गेली."

"मग?"

"मंग काय. बसलो हौदापाशी. दोन मांजरी हाकलल्या. दिवस बुडाले आला तवा मायी बायको बलवाले आली, तिच्यासंगं घरी गेलो."

"आणि किल्ली?"

"तिच्या कमरेलेच होती. मले दिसत होती ना." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "दिसत होती, म्हणूनच बसलो."

आत्यानं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, विलासलाही नाही. परवा त्याला फोन केला, तेव्हा बोलता बोलता नामदेवभाऊंची चौकशी केली. विलास म्हणाला, "रोज येतेत ना संध्याकाळी. आता बी मांगं हौदापाशी बसून हायेत. चहा नेऊन देतो म्हटलं तं म्हणतेत, इथं नोको आणू, दुधाच्या वासानं मांजरी येतीन."