शांततेचा बंदोबस्त

भट्टीवाल्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गाढ झोपले होते. शाळेची मधली सुट्टी चालू होती. मुलं व्हरांड्यात डबे आपटत होती, नळापाशी रोजची ढकलाढकली चालली होती, आणि माझ्या वर्गाबाहेरच्या बाकावर एक गृहस्थ भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपले होते. भुवयांमध्ये पीठ होतं. कुणाचा तरी चेंडू येऊन त्यांच्या गुडघ्यावर आदळला. त्यांनी झोपेतच गुडघा खाजवला. मग घंटा झाली, मुलं आपापल्या वर्गात गेली, व्हरांडा शांत झाला, आणि ते दचकून उठून उभे राहिले.

"माफ करा बाई," ते म्हणाले. "रात्रपाळी असते. तुम्ही बोलावलं होतंत."

मीच बोलावलं होतं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. हुशार, नीटनेटकी पोर, पण बोलायची अशी, की उत्तर बरोबर आहे की चूक हे कळायला मला तिच्या बाकापर्यंत जाऊन वाकावं लागायचं. घशाचा काही त्रास आहे का, असं मी विचारलं.

"घसा ठणठणीत आहे हो," ते हसले. "आमच्या घरी सगळेच असे बोलतात. मी रात्रभर पावाच्या भट्टीवर असतो आणि दिवसा झोपतो. मी आडवा झालो की हिची आई घरात टाचणी पडू देत नाही."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता, आणि थोडं ओशाळलेपणही. दोन्ही एकाच वेळी दाखवता येणारी माणसं मला आवडतात.

त्याच वर्षी मला घर बदलावं लागलं आणि मी नेमकी त्यांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहायला गेले. माझं सामान अजून खोक्यांतच होतं, तेवढ्यात खालच्या वहिनी, म्हणजे भट्टीवाल्यांची बायको, जिना चढून आल्या. एका हातात ताजा पाव, दुसऱ्या हातात जुन्या चादरीच्या चिंध्या.

"हा पाव तुम्हाला," त्या म्हणाल्या, "आणि या चिंध्या तुमच्या खुर्च्यांना. पायांना बांधा. राग मानू नका."

मी राग मानला नाही. चिंध्या बांधल्या आणि पाव खाल्ला. पाव फार चांगला होता.

शांततेचा असा बंदोबस्त मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेला नाही. दाराच्या घंटीची तार काढून टाकलेली. चमचे फडक्यात गुंडाळून ठेवलेले. मुलं लुडो खेळायची तेव्हा फासा घडी घातलेल्या टॉवेलवर टाकायची. तहान लागली की अंगठा दाखवायचा, भूक लागली की पोटावर हात फिरवायचा. माझ्या वर्गातली मोठी आणि तिचा धाकटा भाऊ भांडायचेसुद्धा कुजबुजत; "गाढवा" हा शब्द इतक्या प्रेमळ आवाजात उच्चारलेला मी आजवर ऐकला नव्हता. अंगणातल्या झाडाची पानं गळायला लागली की वहिनी ती पडल्या पडल्या झाडून काढायच्या. वाळक्या पानांवरून कुणी चाललं तर चुरचुर आवाज होतो, आणि झोपायच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला होती.

वहिनी कपडे शिवायच्या. पण शिलाई मशीन दिवसा चालवायचं नाही, आणि संध्याकाळी स्वयंपाक, अभ्यास. त्यामुळे त्यांनी हळूहळू मशीनवरची कामं सोडली होती आणि नुसती हाताची ठेवली होती: काज, बटणं, खालची दुमड. मशीनवर एक फुलाफुलांचं कापड पांघरलेलं होतं आणि त्यावर फुलदाणी.

"त्याचं आता टेबल झालंय," त्या म्हणायच्या. तक्रार म्हणून नाही. पण फुलदाणी पुसताना त्यांचा हात मशीनच्या चाकावर जरा रेंगाळायचा.

त्या साली शरदातली सुट्टी तोंडावर आली असताना भट्टीवाल्यांचा हात भाजला. गरम ट्रे बाहेर ओढताना उभ्या उभ्या डुलकी लागली आणि मनगटापासून कोपरापर्यंत चटका बसला. त्याआधी एकदा पीठ मळायच्या यंत्रात हात जाता जाता वाचला होता. मालक माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "तुझा हात तुटलेला मला बघायचा नाही. ही सुट्टी संपेपर्यंत बघतो. तोवर सुधारलं नाही, तर तुला भट्टीवरून काढावं लागेल." भट्टीवाल्यांना दुसरं कुठलंच काम येत नव्हतं, आणि हे काम त्यांना फार आवडायचं.

वहिनी वर येऊन हे सगळं सांगून गेल्या. बटण लावता लावता सांगत होत्या, आणि सुई दोनदा बोटात टोचली.

"दिवसभर झोपतात हो! सकाळी पडतात ते दुपारपर्यंत कूस बदलत नाहीत. तरी पुरत नाही म्हणजे काय? मी आता आणखी काय बंद करू? श्वास? आणि उद्यापासून सुट्टी. ही दोन माकडं दिवसभर घरात. त्यात आमचे बाबा येतायत."

"मग काय झालं?"

"तुम्ही त्यांना ऐकलं नाहीये," वहिनी म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी भट्टीवाले कामावर निघालेले मला जिन्याच्या तोंडाशी भेटले. हाताला पट्टी होती, डोळ्यांखाली काळं. मी सहज विचारलं, "आज झोप झाली का नीट?"

त्यांनी आधी आपल्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, तुम्हाला सांगतो, तिला कळू देऊ नका. मला झोप लागतच नाही. डोळे मिटून पडलेला असतो."

"अहो, मग सांगत का नाही?"

"कसं सांगू? धाकट्याला शिंक आली तर तो उशीत तोंड खुपसतो. तिने मशीन बंद केलं. तुम्ही खुर्च्यांना लुगडी नेसवलीत. एवढं सगळं ज्याच्यासाठी, त्याने म्हणायचं की झोप येत नाही? मधेच दार किलकिलं करून बघतात, बाबा झोपले का. मी लगेच घोरल्यासारखं करतो. मग ती पोरं इतकी खूश होऊन जातात!"

"पण झोप का येत नाही?"

"काय माहीत. सगळं इतकं चिडीचूप असतं की कान उभेच राहतात. आता काहीतरी पडेल, आता पोरांना बोलणी बसतील, अशी वाट बघत पडतो. वयच झालं असेल." ते चाळिशीचेही नव्हते.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी गप्प राहिले, पण मला ते जड गेलं.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. ते बसचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण इंजिनाच्या आवाजावर आवाज काढायची सवय गेली नव्हती आणि कानही बरेचसे इंजिनाकडेच राहिले होते. फाटकातून आत येताच त्यांनी "चला, उतरून घ्या!" अशी आरोळी ठोकली आणि समोरच्या घरातली दोन माणसं खिडकीत आली.

वहिनींनी त्यांना अंगणातच गाठलं आणि हातवारे करून नियम समजावले. आजोबांनी मान डोलावली. मग ते कुजबुजले. त्यांची कुजबुज मला वरच्या मजल्यावर खिडकी बंद असताना ऐकू आली: "जावईबापू झोपलेत काय? मग मी तोंडच उघडत नाही!"

पहिला दिवस कसाबसा गेला, कारण आजोबा प्रवासाने दमले होते. दुसऱ्या दिवशी वहिनींना बाजारात जाणं भागच होतं. त्यांनी मुलांना दम दिला, वडिलांच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि मनाविरुद्ध निघाल्या.

त्यांची पाठ वळली आणि खालून आवाज यायला लागले. आधी आजोबा: "फासा असा टाकतात? उंदीर ठेवल्यासारखा? टॉवेल काढ!" मग लाकडी टेबलावर फाशाचा खडखडाट. मग धाकटा, "सहा! सहा! सहा!" मग रेडिओ. मग आजोबा ओळीने बसचे थांबे पुकारू लागले आणि प्रत्येक थांब्यावर डब्याच्या झाकणावर पळीचा टोला. आणि या सगळ्याच्या वर एक खणखणीत, मला पूर्णपणे अनोळखी आवाज: "आजोबा, चीटिंग करताय! परत टाका!" ती मोठी होती. इतके महिने माझ्या वर्गात बसलेली मुलगी, आणि तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मला हसू येत होतं. मी जिना उतरून खाली आले, तर वहिनी पिशव्या घेऊन फाटकाशी उभ्या. आवाज रस्त्यापर्यंत गेला होता.

"संपलं," त्या मला म्हणाल्या. "आज रात्री परत हात भाजणार. जाणार यांची भट्टी."

दोघी आत गेलो. टेबलावर लुडो, जमिनीवर झाकणं, आजोबांच्या डोक्यावर धाकट्याची टोपी. वहिनींनी आधी रेडिओ बंद केला, मग एका नजरेने तिघांना बंद केलं, आणि झोपायच्या खोलीचं दार ढकललं.

भट्टीवाले पालथे पडले होते. एक हात पलंगाखाली लोंबत होता, गाल उशीत चेपला होता, तोंड उघडं. ते इतके गाढ, इतके विस्कटून पडले होते, की वहिनींनी घाबरून त्यांच्या नाकाशी बोट धरलं. एरवी ते कसे सरळ, हात पोटावर ठेवून, फोटोत बसल्यासारखे पडायचे! बोटावर श्वास लागला तशा त्या सुस्कारा टाकून माझ्याकडे वळल्या.

घरात आता अगदी शांत झालं होतं. आणि त्या शांततेत भट्टीवाल्यांची भुवई हलली. मग एक डोळा उघडला. मग ते ताडकन उठून बसले.

"काय झालं?" ते ओरडले. "सगळे गप्प का?"

मला तो शाळेतला बाक आठवला, तो चेंडू, ती घंटा. पण मला काही सांगावंच लागलं नाही, कारण दारातून मोठी म्हणाली, तिच्या नव्या आवाजात, "आई, आम्ही दंगा करत होतो तेव्हा बाबा खरंच झोपले होते. मी दोनदा बघितलं. खरं घोरत होते. रोजचं खोटं घोरणं वेगळं असतं."

"रोजचं खोटं?" वहिनी म्हणाल्या.

भट्टीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, मला जिन्यात सांगितलं होतं तसंच, फक्त मान खाली घालून.

वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या. "म्हणजे मी इतकी वर्षं मशीन बंद ठेवलं, पानं झाडली, बाईंच्या खुर्च्या बांधल्या, आणि तुम्ही इथे जागे?"

"तू एवढं करत होतीस, म्हणून..."

"आणि ती खोटी घोरणी! मी दाराबाहेर उभी राहून ऐकायची. मनाला बरं वाटायचं." त्या हसायला लागल्या, मग पदर डोळ्यांना लावला, मग पुन्हा हसल्या. "अहो, एक शब्द बोलायचा होतात!"

"काय म्हणतायत जावईबापू?" आजोबांनी कानाशी हात नेत विचारलं.

"म्हणतायत, आवाज असला की झोप येते!" मोठी ओरडली.

"मग त्यात काय! माझ्या बसमध्ये लोक उभ्याने झोपायचे. इंजिन बंद पडलं की जागे व्हायचे आणि मलाच शिव्या द्यायचे." त्यांनी पळी उचलली. "पाडा जावईबापूंना आडवं. पुढचा थांबा!"

वहिनींनी त्यांच्या हातातून पळी काढून घेतली. बाहेरच्या खोलीत गेल्या, मशीनवरची फुलदाणी उचलून माझ्या हातात दिली, कापड ओढून काढलं. चाकाला तेलाचा थेंब सोडला, पायाने खालची पायपट्टी चाचपली आणि मशीन चालवलं. आधी ते जरा अडखळलं. मग सुरू झालं, एकसारखं, खडखड करत. त्या कापड न लावताच शिवत होत्या, डोळे खोलीच्या दाराकडे. आम्ही सगळे तिकडेच बघत होतो.

थोड्या वेळाने आतून घोरणं ऐकू आलं. धाकट्याने मोठीकडे पाहिलं. मोठीने कान देऊन ऐकलं, तज्ज्ञासारखं, आणि मान डोलावली. खरं होतं.

ती सुट्टी त्या घराने मनसोक्त वाजवली. अंगणात पानांचा ढीग साठला आणि मुलं त्यात उड्या मारत राहिली. मी खुर्च्यांच्या चिंध्या सोडल्या. घंटीची तार पुन्हा जोडली आणि धाकट्याने एका दिवसात ती इतकी वाजवली, की शेवटी वहिनीच म्हणाल्या, आता बस. आजोबा परत गेले तेव्हा सगळ्या गल्लीला कळलं. सुट्टीच्या अखेरीस मालकाने भट्टीवाल्यांकडे नीट निरखून पाहिलं, म्हणे, आणि एवढंच विचारलं, "कुठलं औषध घेतलंस?" ते म्हणाले, "सासरे." भट्टीचा विषय मालकाने पुन्हा काढला नाही.

शाळा उघडल्यावर पहिल्याच तासाला मी मोठीला उभं करून कविता म्हणायला सांगितली. शेजारच्या वर्गावरचे सर दार उघडून बघून गेले. मला तिला "जरा हळू" म्हणावं लागलं, आणि म्हणताना फार बरं वाटलं.

आता मी शाळेतून निवृत्त झाले आहे. राहते अजून त्यांच्या डोक्यावरच. दुपारी खालून मशीनची खडखड चालू असते. वहिनींकडे शिवायला इतके कपडे येतात की लोकांना थांबावं लागतं. मालकाने भट्टीवाल्यांना दोनदा दिवसपाळी देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही.