तळपायाने गाडी ऐकणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका गाड्यांवर जीव टाकणारा आणि जन्मात एकदाही गाडी न चालवलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. झाला असलाच, तर मामांनी त्याच्याही गाडीत मागे बसून तिचा दोष त्याला सांगितला असेल. डोंबिवलीला मानपाडा रोडवर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची जागा, एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात गिअर कापायची नोकरी, आणि चाक असलेली घरातली एकमेव वस्तू म्हणजे मामींचं शिवणयंत्र. पण रविवारी सकाळी इमारतीखाली चार-पाच गाड्या उभ्या असायच्या आणि त्यांचे मालक जिन्यात उभे राहून मामांचा चहा संपायची वाट बघत असायचे. तुम्ही स्वतः गाडी चालवायला का शिकला नाहीत, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "जावईबापू, चालवताना रस्त्याकडे बघावं लागतं. मग ऐकायचं कधी?"

आणि हे ऐकणं कानांनी नसायचं. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. तो जोर मागे नेणारा लांब शाफ्ट गाडीच्या पोटाखालून जायचा आणि त्याच्यासाठी आत मधोमध पत्र्याचा उंचवटा असायचा. मामा मागच्या सीटवर बसत, चपला काढून बाहेर ठेवत, पायाखालचं मॅटिंग गुंडाळून मालकाच्या हातात देत आणि उजवा तळपाय त्या उंचवट्यावर टेकवून डोळे मिटत. मग "सोडा क्लच" म्हणायचं आणि चार गल्ल्या फिरून यायचं. परत येईपर्यंत गाडीत कोणी शिंकायचंसुद्धा नाही. घरघर असेल तर मागच्या चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल, टक्क असा एकच दणका असेल तर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस, क्लच दाबल्यावर गप्प बसणारा आवाज असेल तर गिअरबॉक्सचं बेअरिंग, असा निकाल खाली उतरता उतरता लागायचा. तो चुकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मामांकडे दुसरी कसली मिळकत नव्हती, मोठेपण नव्हतं, कारखान्यातही साहेब त्यांना अरे-तुरे करायचा. त्यांचा शब्द चुकत नाही, एवढी एकच गोष्ट त्यांची स्वतःची होती, आणि ती ते फार जपायचे.

पुढे जोर पुढच्याच चाकांना देणाऱ्या छोट्या गाड्या घरोघरी आल्या, तेव्हा मामांना मनापासून वाईट वाटलं. त्या गाड्यांना शाफ्टच नाही, म्हणजे तळपायाला काही कळायचं नाही. "मुकी गाडी आहे," ते म्हणायचे, आणि मालकासमोर तिच्या बॉनेटवरून असा हात फिरवायचे की तो बिचारा गाडी विकायचा विचार करत घरी जायचा.

मामांची आणि माझी खरी ओळख माझ्याच लग्नात झाली. कल्याणला लग्न लागलं आणि संध्याकाळी फुलांनी सजवलेल्या भाड्याच्या गाडीतून आम्ही ठाण्याला निघालो. पाठराखीण म्हणून एखादी करवली यायची, तिच्याऐवजी मामा येऊन बसले. नवरी रडत होती, मी नवऱ्याला शोभेल असा गंभीर चेहरा करून पुढे बघत होतो, आणि मामांनी हळूच बूट-मोजे काढले. दोन मिनिटांनी ते भाचीला म्हणाले, "रडणं जरा थांबव गं, मागचा क्रॉस ऐकू दे." ती थांबली, इतकंच नाही तर फिसकन हसली. मामांनी ड्रायव्हरला सांगितलं, गाडी हळू घे, क्रॉस गेलाय. ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुम्ही अक्षता टाकल्या ना, झालं तुमचं काम." शीळफाट्याच्या अलीकडे दणका बसला आणि शाफ्ट रस्त्यावर लोळायला लागला. माझ्या बायकोचा गृहप्रवेश रिक्षातून झाला. माझी आई पुढे बरीच वर्षं हे ऐकवायची, पण मामांबद्दल तिने कधी वावगा शब्द काढला नाही, कारण तेवढ्या गोंधळात ड्रायव्हर सोडून सगळ्यांना त्यांचं म्हणणं पटलं होतं.

गाडी बंद पडल्यावर आनंद होणारा माणूस मी तरी एकच पाहिला. क्लच घसरतोय का हे बघायला ते हँडब्रेक ओढायला लावायचे, तिसरा गिअर टाकायला लावायचे आणि क्लच हळूहळू सोडायला सांगायचे. इंजिन आचके देऊन बंद पडलं की क्लच धडधाकट, आणि घोंघावत राहिलं की गेला. गाडी गचका खाऊन थांबली की मामा मालकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करायचे. उलटतपासणीही कडक. ठाण्याचे एक डॉक्टर गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "आवाज येतो मधूनमधून." मामा म्हणाले, "गिअर टाकताना की टाकल्यावर? चढावर की उतारावर? गार असताना की तापल्यावर? डॉक्टर, पेशंट तुमच्याकडे येऊन मधूनमधून दुखतं म्हणाला तर गोळी देता का तुम्ही?" डॉक्टरांनी घरी जाऊन आठवडाभर सगळं कागदावर टिपलं आणि पुढच्या रविवारी धडा पाठ केलेल्या मुलासारखे उभे राहिले.

एकोणीसशे नव्वदच्या पुढे कधीतरी मी जुनी गाडी घेतली, अर्थात मामांच्या तळपायाने पसंत केलेली. चार वर्षांनी एकदा बायको म्हणाली की सुटताना सीटखाली धक्का बसतो. मामा आले, चपला काढल्या, चार गल्ल्या फिरलो, आणि ते म्हणाले, "शाफ्ट निर्मळ आहे. हिला उगाच वाटतंय." बायको गप्प बसली, मामांपुढे कोण बोलणार. आठ दिवसांनी कळव्याच्या पुलावर आमचा शाफ्ट निखळला. कोणाला खरचटलंही नाही. पण मेकॅनिकने क्रॉस काढून हातावर ठेवला तेव्हा आतल्या बेअरिंगच्या सुयांचं अक्षरशः पीठ झालं होतं.

मामांना सांगू नये असं आम्ही ठरवलं होतं, पण बायकोला खोटं बोलता येत नाही. त्यांनी तो क्रॉस मागवून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून तीन दिवस त्याच्याकडे बघत बसले. चौथ्या दिवशी मामींचा घाबराघुबरा फोन आला म्हणून आम्ही गेलो, तर मामा खुर्चीत डोळे मिटून बसलेले, मिक्सर जमिनीवर आणि त्याच्यावर मामांचा उजवा पाय. मामी मिक्सर चालू-बंद करत होत्या. त्या चालू करणार आणि मामा चालू की बंद ते सांगणार, अशी परीक्षा चालली होती. आवाज ऐकू येऊ नये म्हणून कानात कापसाचे बोळे होते. डावा झाला, उजवा झाला, गार पाय झाला, गरम पाण्यात शेकून झाला. घरात इडली नाही, डोसा नाही, आणि पातेलंभर चटणी तयार. शेवटी त्यांनी बोळे काढले. "गाडी बोलत होती," ते म्हणाले. "दोष माझ्यात आहे. दोन्ही बाजूंना आहे, उजवीकडे जास्त."

मी त्यांना त्याच ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. साखर भरमसाट वाढलेली निघाली, तळपायांच्या नसा बधिर झाल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "मुंग्या कधीपासून येतात?" मामा खाली बघत म्हणाले, "मधूनमधून." डॉक्टर मनाने मोठे, हसले नाहीत. औषधं दिली आणि यापुढे घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही असं बजावलं.

दुसरा कोणी असता तर इथे विषय संपवला असता. वय झालं, साखर झाली, कोण काय म्हणणार होतं? पण मामांनी वही काढून वर्षभरात ज्यांना ज्यांना निकाल दिला त्यांची यादी केली आणि मला म्हणाले, "जावईबापू, रविवारी गाडी काढा. मी दिलेले निकाल मला परत घ्यायचेत." मी खूप समजावलं. फोन करू म्हटलं, पत्र टाकू म्हटलं. ते ऐकेनात. नवीन सँडल घालून ते माझ्या शेजारी बसले आणि आम्ही कल्याणपासून ठाण्यापर्यंत घरोघरी फिरलो. प्रत्येक दारात तेच वाक्य. "मी सांगितलं होतं ते बाद समजा. माझे पाय गेलेत. दुसऱ्याला दाखवून घ्या." लोक संकोचायचे, आत या म्हणायचे, चहा द्यायचे. आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट तो माणूस स्वतःच्या हाताने दारोदार देऊन टाकत होता.

शेवटचं घर कळव्याला खाडीकाठी, मासळीचा टेम्पो चालवणाऱ्या एका कोळणीचं. तिने सगळं ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि टेम्पोची चावी आणून मामांसमोर धरली.

"गारी परत वाजते. बगा," ती म्हणाली.

"अहो बाई, मी आत्ता काय सांगितलं? मला आता कळत नाही."

"आयकलं मी. माजं चुकलं ह्यो सांगाला घरी येनारा मिस्त्री मना आजवर गावला नाय. मंग मी आनखी कोनाकडं जाव?"

मामा टेम्पोच्या मागच्या हौद्यात चढले. तिथे मासळीचं पाणी होतं, बर्फाचा चुरा होता. सँडल त्यांनी काढले नाहीत. गुडघे टेकून बसले आणि दोन्ही तळहात फळीवर दाबून धरले. कोळणीने टेम्पो हळूहळू खाडीच्या धक्क्यापर्यंत नेला आणि वळवून आणला. मी मागोमाग चालत गेलो. एवढा वेळ मामा कधीच घेत नसत. उतरताना त्यांना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

"मागचा क्रॉस असावा," ते म्हणाले. "पण बाई, खात्री नाही मला. खोलून बघावं लागेल."

"मंग खोलू," ती म्हणाली, आणि पाना आणायला आत गेली.