मेघनाला मी जे सांगितलंच नाही

पुढील निवेदन अत्यंत गंभीर स्वरूपाचं आहे. वाचकांनी चहाचा कप खाली ठेवावा, पंखा थोडा कमी करावा आणि शक्य असल्यास माझ्या बायकोला यातलं काही कळू देऊ नये. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. तिलाही नाही — आणि तिला तर मी न विचारता सगळं सांगत सुटतो.

मी पेडण्याचा डॉक्टर. माझं थोडंफार नाव आहे, पण ते औषधांमुळे नव्हे. डॉक्टरांना शिकवणाऱ्या डॉक्टरांना मी शिकवतो. काय शिकवतो? शिकाऊ डॉक्टरला त्याच्या वागण्याबद्दल तोंडावर कसं सांगावं, ते. निदान चुकलं तर आमचे प्राध्यापक वॉर्ड डोक्यावर घेतात. पण पोरगा नर्सवर खेकसतो, पेशंटचं नावसुद्धा विचारत नाही — हे सांगायची वेळ आली, की हीच मंडळी खिडकीतून नारळ मोजायला लागतात. त्यांना मी सांगतो: बाजूला न्या. पाहिलंत तेवढंच सांगा. त्यानं कुणाला काय झालं, ते सांगा. मग गप्प बसा. सोपं आहे ना?

आणि मग मी माझी ती गोष्ट सांगतो. तुम्ही ती ऐकायलाच हवी होती — मी ती फार छान सांगतो.

मेघना मुळगावची, माझ्या हाताखालची इंटर्न. हुशार, चटपटीत. वॉर्डात सर्वण गावची एक आजी नवऱ्याच्या खाटेशी उभी होती. तिने विचारलं, "बाये, माझो घोव बरो जातलो न्ही?" मेघनाचा अंगठा मोबाइलवर चालूच. वर न बघता म्हणाली, "वय झालंय त्यांचं." आणि पुढच्या खाटेकडे गेली. आजी पेजेचा डबा धरून तशीच उभी. मी दोन पावलं मागे होतो.

इथवर सगळं खरं.

यापुढे कार्यशाळेत मी सांगतो, की मी तिला माझ्या खोलीत नेलं, दार ओढून घेतलं आणि पाहिलं ते शांतपणे सांगितलं. ती रडली. संध्याकाळी बघतो तर स्टूल ओढून आजीजवळ बसलेली, मोबाइल खिशात. इथे मी आवाज खाली आणतो, चष्मा काढतो. मागच्या रांगेत कुणीतरी नाक पुसतं. सुंदर प्रसंग आहे. फक्त — कसं सांगू — तो घडलेला नाही.

घडलं ते असं. मी तिला कँटीनमध्ये नेलं. चहा आणि भाजी-पाव मागवला. म्हटलं, "छान चाललंय हां तुझं. फक्त जरा... म्हणजे, बघ."

"काय बघू, सर?"

"सगळंच गं."

ती खूश होऊन गेली. माझ्या वाटणीचा पावसुद्धा खाऊन गेली. मी का बोललो नाही? मी मुलांचा लाडका सर होतो आणि मला लाडकंच राहायचं होतं. एवढंच. आजीचं काय? तिच्याकडे तर मीही गेलो नाही.

हेच माझं पाप, असं तुम्हाला वाटतंय का? थांबा. अजून आहे.

गेल्या वर्षीच्या कार्यशाळेत गोष्ट संपवून मी चष्मा परत चढवला — आणि दुसऱ्या रांगेत मेघना. आता ती स्वतः शिकवते. सगळे नाक पुसत होते, ती नाही.

मग सराव होता. एकाने शिक्षक व्हायचं, दुसऱ्याने चुकलेला इंटर्न, बाकीच्यांनी बघायचं. चुकलेला मीच होतो, नेहमीच होतो. लहानपणापासून देवळाच्या उत्सवात नाटकं केलीत, हौस दांडगी. शिक्षक कोण होणार, असं विचारलं. मेघनाने हात वर केला.

खुर्ची जवळ ओढून ती बसली. आवाज अगदी साधा.

"सर, मघाशी तुम्ही सांगितलेली इंटर्न मी. मला कुणी खोलीत नेलं नाही. कुणी काही बोललं नाही. मी पुढच्या हॉस्पिटलात तशीच वागत राहिले. तिथे एका मुलीचे वडील वारले, ते मी तिला मोबाइल बघत बघत सांगितलं. ती म्हणाली, 'एकदा माझ्याकडे बघून सांगा.' तेव्हा मला कळलं. ते तुमच्याकडून आधी कळलं असतं, तर त्या मुलीवर ही वेळ आली नसती."

आणि गप्प बसली. मी शिकवतो तशीच. बाजूला नेण्याचा नियम तिने मोडला खरा, पण खोटं मीही चारचौघांतच बोललो होतो.

माझं तोंड उघडं. कान तापलेले — एवढा मोठा बोलघेवडा मी, आणि हातांचं काय करावं तेही सुचेना. मेघना माझ्याकडे बघत होती. 'हे खरं आहे' — तीन शब्द पुरे होते.

तेवढ्यात टाळ्या पडल्या. उत्सवात कधी तोंडाला रंग लावला नाही असा डॉक्टर आमच्याकडे शोधावा लागतो. सगळ्यांना वाटलं, आम्ही दोघांनी आधी बसवलेला प्रवेश आहे. आणि मी काय केलं? उठलो, हात जोडले, वाकून सभागृहाला नमस्कार केला. मेघनाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची उचलून जागेवर ठेवायला गेली. ती आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट बोलली होती, आणि मी तिचं नाटक करून टाकलं. एका नमस्कारात.

टाळ्या थांबल्या. पहिल्या रांगेत वास्कोचे सर्जन गावकर बसले होते. त्यांच्या वाड्यावरच्या नाटकात दरवर्षी खलनायक तेच होतात. ते मोठ्यांदा म्हणाले, "बाईंचं काम एक नंबर. सरांना मात्र शरमलेला माणूस काय जमला नाही."