सामोरचा ब्रेक

आईने गाडी चालवायची परवानगी दिली ती एका अटीवर. ‘पह्यले तिचे ब्रेक बदल, मंग चालव.’

माझी बदली उकव्याच्या शाळेत झाली होती, आणि बसच्या वेळा शाळेच्या वेळेशी जुळत नव्हत्या. धाकटा भाऊ गेल्यापासून त्याची गाडी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. साडेतीनशे सीसीची, वजनदार, दोन्ही बाजूंना सामानाचे लोखंडी डबे लावलेली. त्याने ती नागपुरातून वापरलेली, पण नवे ब्रेक घालून आणली होती आणि तिच्यावर तो कान्हा, अमरकंटक, पचमढी फिरून आला होता. मलाजखंडहून परत येताना बैहरच्या घाटात तो कठड्यावर आदळला. गाडीला फारसं काही झालं नाही. टाकीला पोचा पडला, एक आरसा फुटला. कितीतरी दिवस मला ती गोष्ट सहन होत नसे.

आल्यागेल्याला आई सांगायची, ‘ब्रेक फेल झाला न त्याचा.’ पंचनाम्याला आलेला शिपाईही तेच म्हणाला होता, आणि ते वाक्य आमच्या घरात राहून गेलं. त्यात कोणत्याच माणसाचा दोष नव्हता.

पण मी तो रस्ता पाहिला होता. डांबरावर मागच्या चाकाची एकच काळी रेघ होती, लांब आणि सरळ. मागचा ब्रेक लागला होता. चाक जाम होऊन उतारावर घसरत गेलं होतं. पुढचा ब्रेक त्याने दाबला असेल किंवा नसेल. दाबला असता तरी तो लागला नसता. हे मला ठाऊक होतं, आणि बाबांच्या ध्यानात ते कधी येऊ नये एवढंच मला हवं होतं.

बाबा पशुवैद्यकीय खात्यात होते. लांजीकडच्या गावांतून त्यांनी आयुष्यभर मोटरसायकल चालवली. तेव्हाचे रस्ते मुरमाचे. अशाच एका रस्त्यावर समोर बकरी आली, त्यांनी पुढचा ब्रेक दाबला, चाक आडवं झालं आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. ते हाड नीट जुळलं नाही. शर्टाखाली त्याचं टोक अजून दिसतं. आम्ही दोघे भाऊ गाडी शिकलो तेव्हा त्यांनी पहिला धडा हाच दिला : ‘सामोरच्या ब्रेकले हात नोको लावू. गाडी तोंडावर पाडते.’ त्या रस्त्यांवर ते खरंही होतं.

भावाने ही गाडी आणली त्या दिवशी बाबा पाना घेऊन पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि पुढच्या ब्रेकची केबल त्यांनी पार ढिली केली. ‘आता चुकून दाबला तरी लागत नाही. बिनधास्त जाय.’ भाऊ हसला होता. ‘बाबा, अर्धी गाडी बंद केली तुमी.’ पण त्याने ती केबल पुन्हा आवळली नाही. बाबांच्या हाताने झालेली गोष्ट तो सहसा बदलत नसे.

गॅरेजवाला नवा होता, गोंदियाहून आलेला. गाडी कोणाची हे त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. पुढचं ड्रमचं चाक काढून डिस्कचं चाक बसवायचं ठरलं होतं. त्याने जुना ड्रम उघडला आणि आतले, ड्रमला घासून चाक थांबवणारे दोन ब्रेक-शू हातात घेऊन हसायला लागला.

‘सर, ये देखो. नवे कोरे! एवढी भारी गाडी अन् सामोरचा ब्रेक काय पूजेले ठेवला होता?’

‘वापरत नव्हते,’ मी म्हणालो.

‘केबल पन ढिल्ली. चालवनारा शेर असन, सर.’

दुपारभर काम चाललं. नवं चाक बसलं, हँडलवर तेलाची लहानशी डबी बसली, तिच्यापासून चाकापर्यंत नळी गेली. शेवटी नळीतली हवा काढायची होती. मी हँडलचा दांडा दाबून धरायचा, त्याने खालचा स्क्रू सोडायचा, बुडबुडे निघाले की पुन्हा आवळायचा. ‘दाबा. धरा. सोडू नका, सर, धरून ठेवा.’ आधी दांडा मऊ, पोकळ लागत होता. हळूहळू तो हाताला टणक लागायला लागला. त्याचा टणकपणा बोटांना कळला तेव्हा मला तिथे उभं राहवेना.

काढलेलं सामान गिऱ्हाइकाला परत द्यायची पद्धत आहे, नाहीतर संशय राहतो. त्याने सगळं एका पोत्यात घालून कॅरियरला बांधलं. वाटेत वैनगंगेच्या पुलावर मी थांबलो. पोतं नदीत टाकून द्यावं असं मनात होतं. पण ते त्याच्या गाडीचं होतं. मी तसंच घरी आणलं.

मी हातपाय धुऊन आलो तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते आणि पोतं उघडं होतं. जुनं लोखंड पाहिलं की त्यांना राहवत नाही. एक शू त्यांच्या मांडीवर होता. त्याच्या कडेवरून ते अंगठ्याचं नख फिरवत होते.

‘हा तं घासलाच नाही,’ ते म्हणाले.

‘मधात बदलवला असन त्यानं.’

‘मले नोको शिकवू. त्यानं बदलवला असता तं केबल आवळली असती.’

मी शेजारी बसलो. त्यांनी शू उजेडाकडे धरला.

‘लागला असता तं थांबली असती का रे?’

सामान घ्यायच्या आधी मी याबद्दल पुष्कळ वाचलं होतं. उतारावर गाडीचं वजन पुढे येतं. थांबवायचं काम मुख्यतः पुढचं चाक करतं.

‘सांगता येत नाही, बाबा.’

‘तुले येते सांगता,’ ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी खाली पाहिलं, आणि तेवढ्याने त्यांना उत्तर मिळालं असावं. त्यांनी शू उलटा केला, सुलटा केला. त्यांचा हात त्या न जुळलेल्या हाडावर गेला आणि तिथेच राहिला.

आतून आईने विचारलं, ‘काय हाय जी त्या पोत्यात? लागला का नवा ब्रेक?’

बाबांनी शू पोत्यात टाकला. पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं, मग आणखी एक गाठ मारली. मला हळूच म्हणाले, ‘तुया मायले नोको सांगू.’ आणि मग मोठ्याने, ‘हौ, लागला. जुना पार सडून गेलता.’

आई पदराला हात पुसत दारात आली. तिने पोत्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरले.

‘मी म्हणतच होती,’ ती म्हणाली. ‘ब्रेकच खराब होता. माया लेकाची काही चुकी नव्हती.’

‘नव्हती,’ बाबा म्हणाले. ‘त्याची नव्हती.’