कोरडा वायसर

पाणी यायचा दिवस होता, म्हणून रामकिसन उजाडताच गच्चीवर चढला. आमच्या संभाजीनगरात पाणी रोज येत नाही. ते यायच्या आत टाकीतल्या बॉल-कॉकची, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणाऱ्या नळाची, मनधरणी करावी लागते. कित्येक दिवस कोरडा पडलेला कॉक खार धरतो, आतला रबरी वायसर आखडतो आणि टाकी भरली तरी धार काही थांबत नाही. घरोघरी उपाय एकच. तांब्याभर पाणी कॉकवर ओतायचं आणि वायसर भिजेपर्यंत दांडी खालीवर करायची. हे कुणी कुणाला शिकवत नाही. लहानपणापासून बघून बघून हात आपोआप करतात.

रामकिसननं तांब्या कलंडला, दांडी हलवली आणि हात तिथंच थांबला. हे तर तो प्रयोगशाळेतही करत आला होता!

आता प्रयोगशाळेचं सांगायला हवं. रामकिसन मूळचा पाचोडचा. आयटीआयचा फिटर. वाळूजला औद्योगिक वसाहतीत नळ, पाइप, कॉक तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा आहे, तिथं तो बारा वर्षं कंत्राटावर राबत होता. कामाला वाघ, पण कागदावर कायम पाहुणा. यंदा मात्र प्रयोगशाळेच्या प्रमुख आफरीन मॅडमनी त्याला कायम करायची शिफारस लिहिली होती आणि ती याच आठवड्यात मालकांकडे जायची होती. घरी त्याच्या बायकोचे, आशाबाईचे, आधीच देवापुढं पेढे ठेवून झाले होते. बायकांना दम म्हणून नसतो.

आणि नेमकं आजच दिल्लीहून समिती येणार होती. टाकीतले बॉल-कॉक कसे असावेत, याचं देशभरासाठी नवं मानक ठरत होतं. त्यात एका कलमावरून घोडं अडलं होतं. कॉक आठवडाभर गरम पेटीत कोरडा ठेवायचा, मग एकदम पाणी सोडायचं. गळला तर नापास. असं पुन्हा पुन्हा करायचं. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत या चाचणीत स्वस्तातले कॉक धडाधड गळले. वाळूजला त्याच कारखान्यांचे तेच कॉक, पण एकही गळला नाही. सगळेच पास होत असतील तर हवी कशाला ती चाचणी, असं बरेच जण म्हणू लागले होते. आणि समितीत मतदान नसतं. सगळ्यांची सहमती लागते. एकाची जरी खरी हरकत राहिली, तरी निर्णय पुढं सरकत नाही.

वाळूजचे कॉक गळले नव्हते, कारण दर खेपेला पाणी सोडायच्या आधी रामकिसन ओलं फडकं त्यांच्यावर पिळून दांड्या हलवून घेत होता. चोरून नव्हे, कुणाच्या सांगण्यावरूनही नव्हे. सकाळी लवकर यायचं, पेटी उघडायची, कॉक कोरडे ठणठणीत दिसले की हात आपसूक फडक्याकडं जायचा. चाचणीची रीत त्यानं कैकदा वाचली होती. ‘कोरड्या अवस्थेत थेट पाणी सोडावे.’ वाचूनही फडकं पिळत होता. याला काय म्हणावं!

खाली येऊन त्यानं आशाबाईला सगळं सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

“कुणी पायलं का तुमाला?” तिनं विचारलं.

“नाय. त्या टायमाला मी एकटाच असतो.”

“मग गप ऱ्हावा. आज नगा बोलू. एकदा कायम झाल्यावर सांगा की काय सांगायचं ते.”

“अगं, आज ते कलम काढून टाकायलेत.”

“काढू द्या. तुमचं नाव कुटं लिवणारेत त्यात?”

बाईचं बोलणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. बारा वर्षं तिनं वाट पाहिली होती.

रामकिसन वाळूजला पोचला तेव्हा फाटकात गाड्या लागल्या होत्या. मॅडमना गाठायचं त्याच्या मनात होतं. तो दोनदा पुढं झाला. एकदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, “रामकिसनभाऊ, नंतर. आधी पेटी दाखवायची तयारी करा.” तिसऱ्यांदा जायचा त्याला धीर झाला नाही. खरं सांगायचं तर, त्या पुन्हा ‘नंतर’ म्हणाल्या असत्या तर बरं, असंही त्याला वाटून गेलं.

पाहुणे पेटीभोवती जमले. छोट्या कारखानदारांच्या वतीनं समितीवर असलेले गयासभाई खुशीत होते. त्यांनी रामकिसनच्या पाठीवर थाप मारली. “क्या बात है! तुमच्या हाताला बरकत आहे बघा. एक थेंब नाही गळला.” रामकिसन हसला, पण ते हसू गालापर्यंतही पोचलं नाही. गयासभाईंच्या मनात खोट नव्हती. त्यांना आपले कॉक खरोखरच चांगले वाटत होते.

आफरीन मॅडमनी निकाल वाचून दाखवले. दुसऱ्या प्रयोगशाळेची बाई मान हलवत राहिली. “आमचे गळलेत. मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तुमचेही आकडे खोटे म्हणू शकत नाही मी.”

अध्यक्ष म्हातारे, शांत गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला आणि हिंदीत विचारलं, “मग हे कलम काढायचं? कुणाची हरकत?”

दुसऱ्या प्रयोगशाळेच्या बाईनंही आपले कागद मिटले. रामकिसन पेटीला टेकून उभा होता. तो समितीवर नव्हता. त्याची हरकत कुणी मागितलीही नव्हती. अध्यक्ष आता परत एकदा विचारतील, मग लिहून घेतील, आणि मग गावोगावच्या टाक्यांत हेच कॉक मानकाचा शिक्का मिरवत बसतील.

“कुणाचीच नाही?” अध्यक्षांनी पेन उचललं.

“माजी हाय.” रामकिसनचा आवाज त्याच्याच ओळखीचा वाटेना. “साहेब, हे कोरडे नव्हते. मी भिजवलेत. दर वेळंला.”

मग त्यानं फडक्यासकट सगळं सांगितलं. गयासभाईंचा चेहरा उतरला. आफरीन मॅडम पांढऱ्याफटक पडल्या.

“पण कशासाठी भिजवले?” अध्यक्षांना खरोखर कळेना.

उत्तर मॅडमनीच दिलं. “सर, आमच्या गावात घरोघरी सगळेच भिजवतात. मीही आज सकाळी घरचा कॉक भिजवून आलेय. मला हे विचारायचं सुचायला हवं होतं.”

कलम राहिलं. वाळूजची चाचणी रद्द झाली, पुन्हा पहिल्यापासून करायची ठरली. अध्यक्षांनी कलमाखाली एक वाक्य वाढवलं आणि मॅडमनी ते मराठीत वाचलं: “चाचणीपूर्वी वायसर कोणत्याही प्रकारे ओला करू नये.”

“समजेल ना असं?” अध्यक्षांनी रामकिसनकडं पाहिलं.

“नाय समजणार, साहेब,” तो म्हणाला. “हातानं, फडक्यानं, पाणी शिंपडून, असं एकेक लिवा. ‘कोणत्याही प्रकारे’ म्हणलं की माणसाला वाटतं, आपण करतो ते सोडून.”

तसं लिहिलं गेलं.

पाहुणे जेवायला गेले. रामकिसन पेटी रिकामी करू लागला. मॅडम येऊन शेजारी उभ्या राहिल्या. त्या चिडलेल्या होत्या, आणि त्यांना रडूही येत असावं.

“सकाळी सांगायला आला होतात?”

“व्हय, मॅडम.”

“मी ऐकलं नाही. शिफारस यंदा जाणार नाही, रामकिसनभाऊ. मी त्यात लिहिलं होतं, की बारा वर्षांत या माणसाच्या हातून एकही चाचणी वाया गेली नाही. तेवढ्या एका वाक्यावर मी मालकांशी भांडणार होते. आता ते मला खोडावं लागेल.”

आपल्याविषयी कुणी असं लिहिलंय, हे रामकिसनला तोवर ठाऊकच नव्हतं. हातातला कॉक त्यानं टेबलावर ठेवला. त्याला एकदम भरून आलं.

“खोडा, मॅडम,” तो म्हणाला. “पण आधी एकदा वाचून दाखवा.”