मेणावरची सिंफनी

माझा कान पक्का आहे, ही घमेंड मला लहानपणापासून. कल्याणच्या मालधक्क्यावर मी कारकुनी करायचो आणि संध्याकाळी फिडल वाजवायचो. कागदावरचे विलायती सूर मला वाचता येत नसत. जे काही शिकलो ते ऐकून. रेल्वेच्या वसाहतीत तेव्हा एक बँड होता. त्यातला फिडलवाला विलायतेला परत गेला आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. ती मला हवी होती. इतकी, की जेवणावरून माझं मन उडालं.

बँडचा कारभार पाहणाऱ्या इंजिनिअर साहेबांनी मला संधी दिली. नाताळात एका सिंफनीचा तुकडा वाजवायचा होता. सिंफनी म्हणजे पन्नास-साठ वादकांची, चार भागांची रचना. तिच्यातली दोनेक मिनिटं कुठल्याशा विलायती बँडने मेणाच्या नळकांड्यावर उतरवली होती. साहेबांनी ते नळकांडं आणि किल्लीचा फोनोग्राफ माझ्या खोलीवर पाठवला. "पंधरा दिन. रोज एक दफा. ज्यादा बजाओगे तो मोम घिस जायेगा," असं बजावून ते इगतपुरीला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी विळी-कोयत्यापासून दौत-टाकापर्यंत सगळ्यांची पूजा होते. मग या यंत्राला वगळायचं कसं? मी ते पाटावर मांडलं, गंध-कुंकू लावलं, फुलाने भरपूर पंचामृत शिंपडलं. नंतर मुंग्या लागल्या, त्या फुंकरीने उडवल्या आणि पहिल्यांदाच किल्ली दिली.

कर्ण्यातून जे आलं त्याने माझे डोळे भरले. पट्टी पेटीवर ताडून पाहिली, पांढरी दोन. लय संथ, जड पावलांची. कोणाला तरी पोचवून माणसं घरी परतत असावीत, तसा तो भाव. मी फिडलच्या तारा त्या पट्टीला उतरवल्या. ठाकुर्लीच्या दिशेने रुळांच्या कडेने चालताना ती लय पायांत मुरवली. पंधरा दिवसांत एकही जागा सुटली नाही.

परीक्षेच्या दिवशी साहेब समोर बसले. गोव्याचे म्हातारे बँडमास्तर कागद मांडून उभे होते. त्यांनी काठी उचलली आणि बँड उधळलाच. पट्टी केवढी तरी वर, लय दुडकी, आणि भाव तर लग्नघरातला! मी चार सूर वाजवले आणि थांबलो. माझं डोकं फिरलं.

"मास्तर, तुम्ही चुकताय," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "हे रडायचं गाणं आहे. तुम्ही त्याचा तमाशा केलात."

"अरे, कागदावर लिहिलंय तसंच वाजवतोय," ते शांतपणे म्हणाले.

"कागद गेला खड्ड्यात! मी कानाने ऐकलंय. तुम्हाला कान आहेत का?"

साहेबांनी माझ्या खोलीवरून यंत्र आणवलं. मागचं झाकण काढलं. वेग आवरणाऱ्या चाकाभोवती मध, साखर आणि कुंकवाचा लगदा सुकून घट्ट बसला होता. त्यांनी तो स्पिरिटने पुसला, तेल सोडलं, किल्ली दिली. तीच सिंफनी पांढऱ्या पाचमध्ये बागडत बाहेर आली. बँडवाले हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत.

साहेबही रागावले नाहीत. "एक घंटा लो. फिर से सीखो," ते म्हणाले. तासाभरात मला ते सहज जमलं असतं. "लेकिन पहले मास्टर से माफी."

मास्तर माझ्याकडे पाहत होते. मी काहीही बोललो असतो तरी त्यांनी मान डोलावली असती, हे मला दिसत होतं. पण लाजेने माझे कान तापले होते. मी फिडल काखेत मारलं आणि तरातरा बाहेर पडलो.

नाताळात त्यांनी तो तुकडा वाजवला. मी खिडकीबाहेर कुंपणाला टेकून ऐकत होतो. फिडलवाल्याची खुर्ची रिकामीच होती. त्याची जागा आली तेव्हा मास्तरांनी काठीने त्या खुर्चीकडे खूण केली, आणि बाहेर अंधारात माझी बोटं सदऱ्याच्या बाहीवर चालू लागली. पट्टी बरोबर होती, लयही बरोबर होती.