बत्ती वऱ्हाडाला गेली

शनिवारी सकाळी पनवेलच्या एसटी स्टँडवर मांडीवर पितळेची गॅसबत्ती घेऊन बसलेली बाई तुम्ही पाहिली असेल, तर ती मीच. लोक वळून वळून बघत होते. बघेनात का! माझ्या वडिलांची बत्ती आहे, चोरीची नाही.

माझं माहेर बत्तीवाल्यांचं. जुन्या पनवेलात वडील लग्नकार्यांना गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे. (नाव गॅसबत्ती, पण आत रॉकेल. पंप मारून टाकीत दाब भरायचा, रॉकेलची वाफ होते आणि काचेआडची रेशमी जाळी पांढरीशुभ्र पेटते.) मात्र 'भाड्याने दिली' असं आमच्या घरात कुणी म्हणत नसे. बत्ती बाहेर गेली की आई सांगायची, "वऱ्हाडाला गेलीय."

आता त्यातली एकच उरलीय आणि तिच्यावर आमच्या ह्यांचा डोळा. कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात ती ठेवायची, टाकीला ड्रिलने भोक पाडून वायर घालायची आणि आत एलईडी! "रॉकेल तर कुठे मिळत नाही. जळणार नसेल तर निदान दिसू दे," हे म्हणाले. इलेक्ट्रिशियन रविवारी दुपारी येणार होता. एकदा भोक पडलं की टाकीत दाब राहत नाही, म्हणजे बत्ती कायमची संपली. मी बजावलं, "त्याच्या आत पेटवून दाखवते. पेटली तर ड्रिल लावायचं नाही." हे हसले. त्या हसण्यानेच माझं डोकं फिरलं.

रेशन दुकानात रॉकेल विचारलं तर दुकानदार माझ्याकडे काळजीने बघायला लागला. मग उरणजवळचं करंजा आठवलं. बँकेतली माझी जुनी मैत्रीण माया तिथल्या कोळीवाड्यात सून म्हणून गेलीय. होड्यांच्या घरी थोडं रॉकेल असणारच, असा माझा हिशेब.

कंडक्टर बत्तीकडे बघून म्हणाला, "मॅडम, आत रॉकेल नाही ना?"

"असतं तर घरीच नसते का बसले?"

कंटेनरच्या रांगांमधून एसटी रखडत उरणला पोचली. पुढे रिक्षात बसले, तर दूर गॅस प्रकल्पाची ज्वाला भर उन्हात आकाशात जळताना दिसली. इकडे मी वाटीभर रॉकेलसाठी वणवण करतेय आणि तिकडे ही उधळपट्टी! मला हसूच आलं.

माया दारातच म्हणाली, "अगं, रॉकेल कुठलं आता? होड्यांना डिझेल लागतं." माझं तोंड उतरलं. तिने आधी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, ताजे बोंबील तळलेले आणि सुक्या जवळ्याची चटणी. पोटात अन्न गेलं तशी हिंमत परत आली. म्हटलं, चला, डिझेल तर डिझेल.

इथे मी हट्टाने फसले. सोबत आणलेल्या वडिलांच्या डब्यात दोनच जाळ्या शिल्लक होत्या. त्यातली एक बांधली. आधी नळी तापवायला स्पिरिट लागतं, ते नव्हतं, म्हणून मायाकडचा करोनातला उरलेला पातळ सॅनिटायझर नळीखालच्या वाटीत ओतला. तो छान निळा जळला. पण डिझेलने नाक कापलं. पिवळी ज्योत भडकली, अंगणभर काळा धूर झाला आणि जाळी काजळून ढासळली. मायाचा नवरा म्हणाला, "वहिनी, पेट्रोल आणू का?"

"घर उडवायचंय का तुम्हाला?" मी ओरडलेच. बिचारा दोन पावलं मागे सरकला.

ओट्यावर मायाची सासू बसली होती. धवलारीण (लग्नातले धवळे, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी बाई) म्हणून तिला अख्खं करंजा ओळखतं. ती म्हणाली, "पोरी, पनवेलची ना तू? माजे हलदीला पनवेलशीच बत्ती आली व्हती. आमचे नातीची हलद हाय बुधवारी. मांडवान ते डीजेचे दिवे लावतान. हिरवे, निले. नवरी हिरवी दिसतं! हलद कशी पिवली दिसाला पायजे."

"मावशी, पेटली तर हळदीला तुम्हालाच देते," मी बोलून बसले. हातात शेवटची जाळी, आणि पुन्हा चुकलं तर उद्या ड्रिल.

मागच्या अंगणात होडीला रंग देणं चाललं होतं. त्या वासाने माझे पाय तिकडे वळले. रंग पातळ करायला टर्पेंटाइन लागतंच, आणि खनिज टर्पेंटाइन म्हणजे रॉकेलचं सख्खं भावंड! तिथे बिनलेबलचे दोन कॅन होते. मायाचा नवरा म्हणाला, "दोनी थिनरच हाय." इथले रंगारी टर्पेंटाइनलाही थिनर म्हणतात, आणि खरं थिनर टाकीत गेलं असतं तर पेट्रोलाइतकंच भडकलं असतं. मी वर्तमानपत्रावर दोन्हींचा एकेक थेंब टाकला. एक बघता बघता उडून गेला. तो कॅन लांब ठेवायला लावला. दुसऱ्याचा डाग रॉकेलसारखा ओलाच राहिला. हा आपला.

टाकीतलं डिझेल काढून टाकी त्याच टर्पेंटाइनने विसळली, नळीचं भोक पिनेने मोकळं केलं, नवं टर्पेंटाइन फडक्यातून गाळून भरलं आणि जाळी बांधली. सॅनिटायझर पुन्हा पेटवला. दिवस बुडत होता. नळी नीट तापू दिली, घाई केली नाही, आणि पंप मारायला लागले. जाळी आधी लालसर झाली, मग सूं सूं आवाज सुरू झाला, आणि अंगण एकदम पांढरं झालं. पाटावरची मासळी, होडीचा ओला रंग, मायाच्या डोळ्यांतलं पाणी, सगळं लख्ख! शेजारच्या बायका दारात आल्या. मला इतका अभिमान वाटला की मी मोठ्याने म्हटलं, "बत्तीवाल्यांची मुलगी आहे मी!"

मावशी आत जाऊन मूठभर हळद घेऊन आली आणि उजेडात धरून म्हणाली, "बग, पिवली!" मग माळ्यावरचा स्टोही खाली आला. त्यातही टर्पेंटाइनच भरलं आणि त्यावर चहा झाला. चहाला रंगाचा जरासा वास होता, पण कुणी कप खाली ठेवला नाही.

रात्री तिथेच राहिले. सकाळी निघताना वडील सांगत तेच मायाच्या नवऱ्याला सांगितलं. टाकी पाऊणच्या वर भरायची नाही, पेटती असताना टाकीचं झाकण उघडायचं नाही, आणि मांडवाच्या कापडापासून लांब टांगायची. जाळीसाठी त्याला पनवेलच्या जुन्या बाजारातलं दुकान सांगितलं. परतीच्या एसटीत मांडी रिकामी होती आणि मला ते फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं मी ती बत्ती कपाटावर जपत होते. जपायची वस्तू नव्हतीच ती, कामाची होती.

घरी पोचले तर इलेक्ट्रिशियन ड्रिलला बिट लावून तयार. हे माझ्या रिकाम्या हातांकडे बघत म्हणाले, "अगं, बत्ती कुठंय?"

आईचं एक वाक्य ती गेल्यापासून आमच्यात कुणी बोललं नव्हतं. मी चपला काढल्या आणि ऐटीत सांगितलं, "वऱ्हाडाला गेलीय."